बिनमोटरीचं तळं

हरिभाऊ मास्तरांनी परसात तळं खणायचं ठरवलं तेव्हा फावड्याच्या आधी त्यांनी शब्दकोश काढला. ‘तळं’ म्हणावं तर आठ बाय सहाला ते शोभत नव्हतं, ‘डबकं’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी त्यांनी ‘लघुजलाशय’ असं नाव मुक्रर केलं आणि मग कंबर कसली. एकतीस वर्षं मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करायची?

विनोदिनीबाईंनी विचारलं, "म्हणजे खड्डाच ना?"

"खड्डा हा शब्द अप्रतिष्ठित आहे," हरिभाऊ म्हणाले आणि पहिलं फावडं मारलं. तिसऱ्या फावड्याला कंबर धरली. पुढचं काम दोन गड्यांनी दोन दिवसांत उरकलं, आणि हरिभाऊंनी कंबर शेकत खुर्चीतून सूचना केल्या.

खड्डा (चुकलो, लघुजलाशय) तयार झाला, त्यात जाड ताडपत्री अंथरली, नळाचं पाणी सोडलं. एवढ्यावर थांबले असते तर ते हरिभाऊ कसले? मोबाईलवर त्यांनी कुठल्याशा परदेशी बागेतलं तळं बघितलं होतं, त्यात पाणी थुईथुई उडत होतं. मग मोटर आली, कारंजं आलं, कारंज्याखाली निळा दिवा आला, आणि दुकानातून चार लालभडक मासे आले. मोटर सुरू झाली तेव्हा भिंतीपलीकडचे वकील श्रीनाथ डोकावून म्हणाले, "मास्तर, घरात कुणाला खोकला झालाय काय?"

मोटर खोकायची ती खोकायचीच, वर आंब्याचं एक पान अडकलं की उसासा टाकून बंद पडायची. हरिभाऊ पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून आत उतरायचे, पान काढायचे, बाहेर यायचे, टॉवेल घ्यायचे, तोवर दुसरं पान. एप्रिलमध्ये आंब्याची पानं किती गळतात हे टिळकवाडीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. लाल मासे आठ दिवसांत गेले. पाणी हिरवं होत होत पालकाच्या पातळ भाजीच्या रंगावर आलं.

मग सल्ले आले. आपल्या गल्लीत एखाद्याच्या घरी आजारपण आलं तर लोक भेटायला येतात. तळं बिघडलं तेव्हा त्याहून जास्त आले. समोरच्या नागुबाई म्हणाल्या, तुरटी फिरवा. श्रीनाथ वकील म्हणाले, ब्लीचिंग पावडर टाका, आणि खरं सांगू का मास्तर, खाली फरशी बसवून टाका म्हणजे ब्रशनं घासता येईल. कुणी म्हणालं दोन बदकं आणा. ज्यांच्या परसात साधी तुळस जगत नव्हती तेही दोन्ही हात मागं बांधून तळ्याभोवती फिरायचे आणि "पाण्याला ऑक्सिजन कमी पडतोय," असं म्हणून चहा पिऊन जायचे.

बेळगुंदीची गुणाबाई दर मंगळवारी आणि शनिवारी भाजीची बुट्टी घेऊन गल्लीत यायची. मे महिन्यातल्या एका मंगळवारी विनोदिनीबाई मेथी निवडून घेत होत्या आणि परसात हरिभाऊ मोटरीशी झटत होते. गुणाबाईनं बुट्टी खाली ठेवली, पदर खोचला आणि तळ्याच्या काठी जाऊन उभी राहिली. वाकून पाण्यात बोट बुडवून बघितलं. मग म्हणाली,

"सर, पाणी कशाला नाचवूलालाय? बसू दे की त्येला."

"अगं, पाणी खेळतं असावं लागतं. साचलं की कुजतं," हरिभाऊ म्हणाले.

"आमच्या शेतातलं तळं बारा वरसं साचलंय. त्येला कुठली मोटर हाय? मोटरीत बारकी बारकी जीवं मरत्यात, मग घाण खायला कोण ऱ्हातंय? काढा ती आदी."

एरवी हरिभाऊंनी वाद घातला असता. पण त्या दिवशी ते सातव्यांदा पाण्यात उतरले होते. त्यांनी मोटर काढली.

आणि तिथून पुढं त्या बाईनं जे केलं, त्याला तोड नाही हो! शनिवारी बुट्टीत वांग्यांच्या जोडीला एक कळशी होती. कळशीत शेततळ्याच्या तळचा गाळ, थोडं पाणी, आणि त्यात दिसतील न दिसतील असे असंख्य जीव. दुसऱ्या खेपेला कुमुदाचा कंद आणला, तिसऱ्याला वेखंडाची मुळं, काठाला लावायला. एका बाजूला दगड रचून तिनं पाण्यात उतरता उतार केला. "आत पडलेल्या जीवाला वर यायला वाट नको व्हय?" नळाचं पाणी थेट घालायचं नाही, पिंपात दोन दिवस ठेवून घालायचं, आणि पावसाळा लागला की पत्र्यावरचंच येऊ द्यायचं. शेवाळ वाढलं तर थोडंसंच हातानं काढायचं, आणि काढलं की लगेच फेकायचं नाही, दिवसभर काठावर ठेवायचं, म्हणजे त्यात अडकलेले जीव आपल्या पायांनी परत पाण्यात जातात. हे ऐकून हरिभाऊ थक्क झाले. कचरा टाकतानासुद्धा कचऱ्यातल्यांना घरी जायला दिवसभराची सवलत देणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काय करू नका."

"म्हणजे अगदी काहीच?"

"पानं पडली तर वरची उचला. आत हात घालू नका. हिरवं दिसलं म्हणून घाबरू नका. आनि ते मासं परत आणू नका, बेडकाची पिल्लं खात्यात."

ज्या माणसानं एकतीस वर्षांत एक वही लाल शाईशिवाय परत केली नव्हती, त्याला काही करू नका म्हणून सांगणं सोपं नव्हतं. हरिभाऊ काठावर खुर्ची टाकून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. विनोदिनीबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

जूनअखेर पाणी निवळलं. पाण्यावर लांब पायांच्या निवळ्या (पाणकिडे) धावायला लागल्या. जुलैत एक बेडूक आला, मग त्याची मंडळी आली. कुमुदाला पहिलं पांढरं फूल आलं, आणि लालचुटुक चतुर वेखंडाच्या पात्यावर येऊन असा बसायला लागला, जसा काही घराचा सातबारा त्याच्याच नावावर. संध्याकाळी पाच वाजता विनोदिनीबाई दोन कप चहा घेऊन परसात यायच्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. त्यातली निम्मी हरिभाऊ वह्या तपासत होते आणि उरलेली त्या टीव्ही बघत होत्या. आता दोघं काठावर बसून अर्धा अर्धा तास काही न बोलता पाण्याकडं बघायची, आणि मधेच एक जण म्हणायचं, "तो बघ, तो बघ." हरिभाऊंना त्या अर्ध्या तासाचं फार अप्रूप होतं. बायकोसमोर ते बोलले नाहीत, पण मनात म्हणाले, हे तळं गेलं तर आपलं काही खरं नाही.

गल्लीत मात्र ते वेगळंच बोलायचे. लोक विचारायचे, "मास्तर, मोटर नाही, औषध नाही, आणि पाणी आरशासारखं कसं?" मग हरिभाऊ घसा साफ करून म्हणायचे, "जलीय परिसंस्था! आमच्या अभ्यासानुसार..." आणि अभ्यास वीस मिनिटं चालायचा. गुणाबाई एकदा दारात उभी राहून तो पूर्ण ऐकून गेली. जाताना मेथीची जुडी तेवढी जरा जोरात आपटली असं विनोदिनीबाईंना वाटलं.

ऑगस्टमध्ये नोटीस आली.

महापालिकेचं लांब खाकी पाकीट, आत आमच्या सीमाभागातल्या रिवाजाप्रमाणे छापील कानडी कागद, मधल्या मोकळ्या जागेत पेनानं भरलेलं. आता हरिभाऊंचं कानडी म्हणजे बाजारात ‘एष्टु’ (किती) आणि ‘बेडा’ (नको) एवढ्यापुरतं. लिपी लावून लावून वाचायचे. पण आपल्याला कानडी उत्तम येतं अशी गल्लीत त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती.

"वकिलांना दाखवा," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"श्रीनाथला? त्यापेक्षा मी कोऱ्या कागदावर सही करीन."

"मग मोबाईल धरा त्याच्यावर. मराठी करून दाखवतो म्हणे."

"भाषेच्या मास्तरनं मोबाईलला अर्थ विचारायचा? शोभतं का?"

चष्मा पुसून ते बसले. छापील कारणं त्यांनी सोडून दिली, छापील मजकूर काय कुणी वाचतं? पेनानं लिहिलेलं तेवढं महत्त्वाचं. "निम्म... तुमच्या. आवरण... आवार. एळु दिन... सात दिवस. मुच्चतक्कद्दु. मुच्चळ म्हणजे झाकण, तेव्हा झाकावी. काय झाकावी? हों... ड." हरिभाऊंनी कागद खाली ठेवला. "होंडा! आपल्या आवारातली होंडा सात दिवसांत झाकावी."

"आपली गाडी? का म्हणून?"

कारण हरिभाऊंना लगेच उमगलं. त्यांच्या होंडा स्कूटरचं मागचं चाक श्रीनाथच्या फाटकासमोर वीतभर येतं म्हणून मागच्या दिवाळीत दोघांची चांगलीच जुंपली होती. त्यानंच तक्रार केली असणार! वकिलाचं डोकं! गाडी हलवा म्हणता येत नाही, तर झाका म्हणे!

एकच गोष्ट त्यांना खटकली. कारकुनानं ‘होंडा’तला शेवटचा काना खाल्ला होता, आणि पहिलं अक्षरही (कानडीत ‘हो’सुद्धा ऱ्हस्व-दीर्घ असतो) ऱ्हस्व काढलं होतं. "काय ही आजकालची भरती!" ते हळहळले. पण मनाचा मोठेपणा बघा. उत्तर लिहिताना त्यांनी शुद्ध रूप न लिहिता कारकुनाचंच चुकीचं रूप जसंच्या तसं उतरवलं, कशाला बिचाऱ्याला साहेबासमोर लाज आणायची? मार्केटातून राखाडी रंगाचं जाड कव्हर आणलं, होंडाला घातलं, दोऱ्या बांधल्या आणि ऑफिसात जाऊन सुवाच्य कानडीत लिहून दिलं: ‘आपल्या आज्ञेप्रमाणे होंड झाकले आहे.’ पोच घेतली. कागद पुढं गेला. हरिभाऊ घरी येऊन म्हणाले, "सरकारशी सरळ वागलं की सरकार सरळ वागतं."

पंधरा दिवस झिरझिर पाऊस लागून राहिला. आणि गल्लीत डास झाले. साधेसुधे नव्हेत, दिवसाढवळ्या पायजम्यावरून चावणारे! श्रीनाथच्या घरी दोघांना ताप आला. गल्लीचं एकमत झालं आणि सगळी बोटं मास्तरांच्या तळ्याकडं वळली. "परिसंस्था म्हणे!" नागुबाई फाटकातून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. परवापर्यंत अभ्यास ऐकायला येणारे लोक आता हरिभाऊ दिसले की खिडक्या लावून घ्यायचे. हरिभाऊंच्या मनाला ते फार लागलं. डास त्यांनाही चावत होतेच, पण ते बोलायची सोय नव्हती.

शनिवारी सकाळी फाटकासमोर ट्रॅक्टर उभा राहिला. ट्रॉलीत मुरूम शिगोशीग भरलेला. दोन गडी फावडी घेऊन उतरले आणि त्यांच्यामागून आरोग्य निरीक्षक आण्णाप्पा, बगलेत फाईल घेऊन. निमित्ताला टपलेली गल्ली भिंतीवर, गच्चीवर, फाटकात जमा झाली. श्रीनाथ वकील मफलर गुंडाळून आले.

आण्णाप्पांनी फाईल उघडली. "एन सर, होंड मुच्चिद्देने अंत नीवे बरदीरि. होंड झाकलं म्हणून तुम्हीच लिहून दिलाय की! डासांची तक्रार आली म्हणून काल वकिलांच्या भिंतीवरनं बघितलो तर होंड तसंच हाय. शिकलेला माणूस असा खोटा कागद देतो काय?"

खोटा कागद! हरिभाऊंचे कान लाल झाले. "कुठं खोटं आहे? झाकलीय! ती काय, डोळ्यांसमोर उभी आहे!" आणि त्यांनी ताठ बोट केलं ते कव्हर घातलेल्या होंडाकडं.

आण्णाप्पांनी गाडीकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, परत गाडीकडं बघितलं.

गुणाबाई तेवढ्यात बुट्टी घेऊन आत आली होती. तिनं विनोदिनीबाईंच्या हातातली नोटीस घेतली, एका शब्दावर बोट ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. "अगाई गं! सर, होंड म्हंजे गाडी न्हवं ओ! होंड म्हंजे खड्डा! आनि मुच्चा म्हंजे बुजवा! आमच्या शेतातल्या तळ्यावर सरकारनं ह्याच अक्षराचा बोर्ड लावलाय की, कृषी होंड म्हणून."

पुढची दोन मिनिटं गल्ली जी हसली त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. विनोदिनीबाईंनी पहिल्यांदा नवऱ्याकडं दयेनं बघितलं आणि मग त्याही फुटल्या.

"पण शेवटचा काना..." हरिभाऊ पुटपुटले.

"सर, काना नव्हताच," आण्णाप्पा मवाळपणे म्हणाले. त्यांना दया आली होती, पण दयेनं नोटीस रद्द होत नाही. "तुमची चूक मला कळली. पण डासांची तक्रार खरी हाय, ताप खरा हाय. होंड भरायलाच लागतंय." त्यांनी गड्यांना खूण केली.

पहिलं फावडं मुरुमात घुसलं, पहिली पाटी तळ्याच्या काठापर्यंत आली. ‘लघुजलाशय’, ‘परिसंस्था’, सगळे जोडशब्द ऐनवेळी पळून गेले. हरिभाऊ नुसते जाऊन तळ्याच्या काठावर उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी विनोदिनीबाई. वेखंडावरचा चतुर तेवढा निवांत बसला होता.

"थांबा ओ सायेब," गुणाबाई म्हणाली. "डास हितं होत्यात का न्हाई, आदी बघा. न्हाईतर भराल ह्ये, आनि डास दुसरीकडनंच येतील."

आण्णाप्पा माणूस भला. पिशवीतून लांब दांड्याचा पांढरा डाव काढला, तळ्यात बुडवला, उजेडात धरला. काही नाही. दुसऱ्या कोपऱ्यात. काही नाही. कुमुदाच्या पानाखाली, वेखंडाच्या मुळाशी, दगडांच्या फटीत. दहा वेळा डाव बुडाला आणि दहा वेळा डासाची एक अळी म्हणून सापडली नाही. अकराव्या वेळी डावात काळपट, सहा पायांचं, भुकेल्या चेहऱ्याचं काहीतरी आलं.

"ह्यो चतुराचा पोरगा," गुणाबाईनं घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तशी ओळख करून दिली. "डासाच्या अळ्या ह्येच खातंय. रात न्हाई, दीस न्हाई. मोटर असती तर कवाच मेलं असतं."

आण्णाप्पांनी डाव परत अलगद पाण्यात रिकामा केला. "मग डास येतात कुठनं?"

गुणाबाई आवारात हिंडली. पिंपाचं झाकण घट्ट होतं. कुंड्या कोरड्या होत्या. मग ती होंडाजवळ थांबली. सीट आणि हँडल यांच्या मधल्या खळग्यात कव्हर पोट सुटल्यासारखं खाली आलं होतं, आणि त्यात पंधरा दिवसांचं पावसाचं पाणी चांगलं बादलीभर साचलेलं. "सायेब, डाव आणा हिकडं."

आण्णाप्पांनी डाव बुडवून वर काढला. त्यात अळ्या अशा वळवळत होत्या की पाणी कमी आणि अळ्या जास्त. तेवढ्यात चार-पाच डास त्यांच्या कानाजवळून गुणगुणत गेले.

आण्णाप्पा मनापासून हसले. "सर, तुमचंच बरोबर! डास होंडातच हाय!" त्यांनी स्वतःच्या हातानं दोऱ्या सोडल्या, कव्हर उपडं केलं, गड्यांना फावडी ट्रॉलीत टाकायला सांगितलं आणि फाईल होंडाच्याच सीटवर ठेवून शेरा लिहायला घेतला. होंड तपासले, अळी आढळली नाही, भरण्याची गरज नाही. मुरूम आला तसा परत निघाला.

मग काय विचारता! लोक भिंतीवरून उतरून आत आले. श्रीनाथ वकिलांनी मफलर सोडला आणि हरिभाऊंचा हात हातात घेतला. "मास्तर, पहिली तक्रारही माझीच होती, साचल्या पाण्यात डास होतील म्हणून आधीच दिली होती, माफ करा. पण मानलं तुम्हाला! मलाही असंच एक करायचंय. कसं केलंत हे? सांगा की."

"सांगा, सांगा," नागुबाई म्हणाल्या. आण्णाप्पांनी पेन वर धरलं. "सर, देखभाल कोण करतंय, तेबी लिहायला लागतंय. तुमचंच नाव घालू?"

सगळी गल्ली कान देऊन उभी होती. एक तासापूर्वी ज्याची पुरती शोभा झाली होती त्याला शोभा धुऊन काढायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. हरिभाऊंनी घसा साफ केला. ‘आमच्या अभ्यासानुसार’ अगदी ओठावर आलं. गुणाबाई खाली बसून, मुरुमाच्या पाटीतून काठावर सांडलेले चार खडे वेखंडाच्या मुळातून वेचत होती.

"गुणाबाईंचं नाव घाला," हरिभाऊ म्हणाले. "हे तळं त्यांचं आहे. गाळ त्यांनी आणला, कुमुदाचा कंद त्यांनी लावला, अक्कल त्यांनी दिली. मी गल्लीत अभ्यास म्हणून जे सांगत हिंडलो ते सगळं त्यांनी मेथी विकता विकता मला सांगितलेलं होतं. मी मोटर आणली होती, मासे मारले होते आणि नोटीस चुकीची वाचली. माझा एवढाच हातभार."

विनोदिनीबाईंनी नवऱ्याची खुर्ची आणून काठावर ठेवली.

गुणाबाईनं खडे फाटकाबाहेर टाकले आणि हात झटकले. "असं कसं सर? तुम्हीबी केलंयसा की."

"मी? काय केलं मी?"

"मी ‘काय करू नका’ म्हटलं, आनि तुम्ही तीन म्हैनं खरंच काय केलं न्हाईसा. लई अवघड असतंय ओ ते बापयमाणसाला."

आणि बुट्टी डोक्यावर घेऊन, श्रीनाथ वकिलांना आज वांगी चांगली आहेत म्हणून सांगत, ती फाटकाबाहेर पडली.